भट्टीवाले गावंडे

गावंड्यांना भुवया नव्हत्या. नव्या माणसाला त्यांच्या चेहऱ्यात काहीतरी चुकल्यासारखं वाटायचं, पण काय ते पटकन सापडायचं नाही. भट्टीच्या धगीनं त्या जळाल्या, त्या पुन्हा आल्याच नाहीत. डावा गाल उजव्यापेक्षा काळा होता, कारण भट्टीच्या तोंडाशी ते नेहमी डावी बाजू देऊन उभे राहायचे. मे महिन्यात रायपूरच्या आमच्या तात्यापाऱ्यातले पुरुष बनियनवर ओट्यावर बसायचे, तेव्हा हे जाड कापडाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून, गळ्याचं बटण लावून बसायचे. कोणी विचारलं की म्हणायचे, "हे काय गरम आहे?"

आमची आणि त्यांची भिंत एकच. तिकडे कोणी खोकलं की इकडे कळायचं. म्हणून मी सांगते ते बहुतेक कोणाच्या तोंडून ऐकलेलं नाही, भिंतीतून ऐकलेलं आहे.

गल्लीतली मराठी घरं बहुतेक रेल्वेतली, नाहीतर सरकारी कचेरीतली. सगळे नागपूर, वर्धा, अमरावतीकडून आलेले. गावंडेही वर्ध्याकडचे, पण ते गावाबाहेर, उरल्याला रोलिंग मिलमध्ये होते. लोखंडाचे ठोकळे भट्टीत लाल करायचे आणि दाबून दाबून त्यांच्या सळया काढायच्या, असं तिथलं काम. त्यातली भट्टी गावंड्यांच्या ताब्यात. गणपतीच्या आरतीला बाकीचे धुतलेल्या कपड्यांत यायचे, हे शिफ्टवरून सरळ यायचे, अंगाला जळक्या तेलाचा वास. लोक थोडे सरकून उभे राहायचे. गावंड्यांना ते कळायचं की नाही, मला माहीत नाही. कळत असेल तरी ते मागे गेले नाहीत.

राज्य वेगळं झालं, रायपूर राजधानी झालं, आणि सगळ्या गावाला घाई सुटली. जिथे बघावं तिथे इमारत उठायला लागली. इमारतीला सळई लागते, म्हणून उरल्यात मिलशेजारी मिल. त्याची काळी भुकटी आमच्या गच्च्यांवर पडायची. गावंड्यांची बायको मंदा पापड करून विकायची. ती गच्चीवरून ओरडायची, "तुमच्या भट्टीची राख माह्या पापडावर!"

हे खालून शांतपणे सांगायचे, "ते आमची नाही. शेजारच्या मिलची आहे."

"राखेवर नाव लिहिलं आहे का?"

"आमची बारीक असते."

यावर मंदा जे बोलायची ते मी लिहीत नाही.

गावंड्यांचं सगळं शहाणपण एका गोष्टीत होतं. बंद पडलेली वस्तू पुन्हा चालू करताना घाई करायची नाही. ते म्हणायचे, "थंडी भट्टी खराब नाही. गरम भट्टीही खराब नाही. मधला टाइम खराब." भट्टीला आतून विटांचं अस्तर असतं. भट्टी थंड झाली की विटा आक्रसतात. मग एकदम आग सोडली तर विटेचा वरचा थर तापतो, आतला थंडच राहतो, आणि वीट तडकते. तडा दिसत नाही. दोन-चार दिवसांनी छतच खाली येतं. म्हणून आधी थोडी लाकडं जाळायची, मग तेलाची बारीक ज्योत, मग थांबायचं, मग पुन्हा थोडी वाढवायची. त्यात दिवस जातो. मालकाला दिवस जाणं सोसत नाही.

एका होळीनंतर मिल उघडली, तेव्हा मालकाचा मुलगा स्वतः भट्टीपाशी येऊन उभा राहिला. माल द्यायचा होता, ट्रक दारात लागलेले. तो म्हणाला, "गावंडेजी, फुल खोलो." गावंड्यांनी तेलाच्या चावीसमोर एक डबडं उपडं घातलं, त्यावर बसले, डबा उघडला आणि पोळी-भाजी खायला लागले. छोटे शेठ ओरडायला लागले. गावंडे घास गिळून म्हणाले, "पहले मैं खाता हूँ. फिर वो थोडा खाएगी. फिर मैं चाय पिऊँगा." हे मला त्यांच्या मिलमधल्या माणसानं सांगितलं. गावंडे स्वतःच्या मोठेपणाच्या गोष्टी सांगायचे नाहीत. ते फक्त दुसऱ्याच्या चुकांच्या सांगायचे.

अशी एक चूक त्यांच्या खिडकीत ठेवलेली होती. ते गावाकडे गेलेले असताना दुसऱ्या कोणीतरी भट्टी घाईनं पेटवली आणि अर्धं छत पडलं. कोणी मेलं नाही, पण एकाचा हात भाजला. गावंड्यांनी त्यातली तडकलेली वीट घरी आणली. येईल त्याला दाखवायचे. तड्यात नख घालून सांगायचे, "पाहा, बाहेरून चांगली दिसते न?" पाहुणा चहाला आलेला असायचा. तो बिचारा वीट बघायचा.

मिलमधलं ते घरातही आणायचे. लाइट गेली की फ्रिज, पंखे, टीव्ही सगळ्यांची बटणं बंद करायची, आणि लाइट आली की एकेक चालू करायचं. उन्हातून आलेल्या माणसाला दारातच बसवायचं, पाणी नंतर. उपास सोडताना आधी कोमट पाणी. त्यांच्या मुलीनं, स्वातीनं, सुट्टीनंतर शाळेच्या पहिल्या दिवशी गणिताचं पुस्तक उघडलं तर ते मिटवायचे. ती म्हणायची, "पापा, टीचर डाँटेगी." हे म्हणायचे, "डाँटू दे. आज भूगोल वाच."

भांडणाचंही तसंच. मंदा तोंडानं फटकळ, हे अबोल. भांडण झालं की दोघं गप्प. मग पहिल्या दिवशी यांच्याकडून नुसतं "हं." दुसऱ्या दिवशी "चहा." तिसऱ्या दिवशी "चहा दे." मंदा माझ्याकडे येऊन डोकं धरायची. "वहिनी, ह्या माणसाची ज्योत वाढे वाढेपर्यंत मी नवीन भांडण काढते. मी माहेरून आली का हा मले असा पाह्यते जशी ओळखच नाही. मले काय विटा लावल्या आहेत का आतून?"

मी हसायचे. पण सगळं हसण्यासारखं नव्हतं. गावंड्यांचा धाकटा भाऊ शेतीच्या वाटणीवरून तुटलेला होता. बरीच वर्षं येणं-जाणं नाही. एका दिवाळीनंतर तो अचानक आला, खांद्यावर तुरीच्या डाळीची पिशवी घेऊन. स्वतःच्या वावरातली डाळ. गावंड्यांनी त्याला ओट्यावर बसवलं, चहा दिला, हवापाण्याचं विचारलं आणि मला म्हणाले, "वहिनी, आज तुमच्याकडे झोपू द्या याले. उद्या आत घेतो." मंदानं आत ताट वाढलेलं. ती दारात येऊन उभी राहिली, डोळ्यांनी विचारत होती. गावंड्यांनी मान हलवली. एवढ्या वर्षांनी एकदम ताटावर बसलो तर जुनं सगळं निघंल, असा त्यांचा हिशेब.

भाऊ संध्याकाळच्या गाडीनं परत गेला. डाळ ओट्यावर ठेवून गेला. गावंडे म्हणाले, "घाईनं तापला."

मी म्हणाले, "तो तापला नव्हता, भाऊ. त्याला भूक लागली होती."

त्यांनी डाळीची पिशवी उचलून आत नेली. धाकटा भाऊ आपणहून पुन्हा आला नाही. मला तेव्हाच वाटलं की या माणसाला एकच गोष्ट येते, आणि ती जिथे लागू नाही तिथेही तो तीच लावणार.

मग मंदाच्या लिव्हरमध्ये गाठ निघाली.

पोट दुखतं म्हणून सोनोग्राफी केली, त्यात दिसली. मोठी होती. काढायला लागणार, आणि गाठीबरोबर लिव्हरचाही मोठा तुकडा काढायला लागणार, असं सांगितलं. आता आमच्या लोकांची एक खोड आहे. दाढ दुखली तरी नागपूर. रायपूर राजधानी झालं, मोठी हॉस्पिटलं उभी राहिली, बाहेरगावचे डॉक्टर आले, तरी आमच्या मनात इलाज नागपुरातच होतो. मंदाचा भाऊ रमेश नागपूरला राहतो. त्यानं फोनवर सगळं ठरवूनही टाकलं. पण मंदा अडून बसली. "मी नाही जात. रमेशच्या घरी त्याच्या बायकोचं तोंड पाहून मी अगोदरच मरन. इथं वहिनी आहे, स्वाती आहे. इथंच कापा."

म्हणून इथल्या नव्या हॉस्पिटलात गेलो. मीही गेले, कारण मंदानं माझा हात सोडला नाही. ऑपरेशन करणारी डॉक्टरीण पुण्याची, वयानं स्वातीपेक्षा थोडीशी मोठी. गावंडे दारातच मला म्हणाले, "हे पोट्टी कापन का मंदाले?" हळू बोलल्यासारखं बोलले, पण मिलमधल्या माणसाचं हळू म्हणजे आपलं ओरडणं. डॉक्टरीणबाईंनी ऐकलं. म्हणाल्या, "हो काका, हीच पोट्टी." मग त्या पुण्याच्या मराठीत भराभर सांगायला लागल्या. गावंडे म्हणाले, "मॅडम, हिंदीत सांगा. हे मराठी कानात जाते, पण उतरत नाही." पुढचं सगळं मग हिंदीत झालं.

त्यांनी सांगितलं ते असं. लिव्हर म्हणजे रक्तानं भरलेला स्पंज. नुसतं कापायला घेतलं तर रक्त थांबत नाही. हे मला पटलं. मी मटण करते, कच्ची कलेजी धुताना किती रक्त सुटतं ते मला ठाऊक आहे. म्हणून लिव्हरकडे जाणारी मोठी रक्ताची वाट चिमट्यानं बंद करायची आणि मग कापायचं. पण वाट बंद असते तोवर लिव्हर उपाशी राहतं. जास्त वेळ बंद ठेवता येत नाही. म्हणून काही वेळ बंद, मग सोडायचं, मग पुन्हा बंद.

मग त्या म्हणाल्या, "आणि गंमत अशी की सगळं नुकसान रक्त बंद असताना होत नाही. रक्त परत सोडलं की त्या वेळीही होतं. उपाशी लिव्हरमध्ये रक्त एकदम घुसलं की आत जाळपोळ होते."

आतापर्यंत गावंडे टेबलाकडे बघत बसले होते. आता ते ताठ झाले. "चालू करताना?"

"हो. चालू करताना."

"मग तुम्ही काय करता?"

"खरं कापायच्या आधी एकदा थोडाच वेळ बंद करून सोडून देतो. लिव्हरला सवय होते. नंतर ते जास्त सोसतं."

गावंडे खुर्चीवरून उठले. मला वाटलं, आता हा माणूस त्या पोरीच्या पाया पडतो की काय. पडले नाहीत. घरी आल्यावर गल्लीत ज्याला त्याला सांगत सुटले, "डॉक्टरीण भट्टीवाली आहे." त्यांच्या तोंडून यापेक्षा मोठी स्तुती मी ऐकली नाही. मंदा म्हणाली, "बाई चांगली होती, आता मले भीती वाटून राहिली."

ऑपरेशन लांबलं. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या कपाळावर टोपीचा वळ उठला होता. गाठ निघाली, म्हणाल्या, पण ती मोठ्या नसेला चिकटलेली होती. रक्त जास्त गेलं, आणि वाट ठरवल्यापेक्षा जास्त वेळ बंद ठेवायला लागली. लपवलं नाही त्यांनी. "पुढचे दोन-तीन दिवस लिव्हर चिडेल. आकडे वाढतील. घाबरू नका." गावंड्यांनी मान हलवली, पण त्यांनी फक्त 'जास्त वेळ' एवढंच ऐकलं होतं. ते मी त्यांच्या तोंडावर वाचलं.

दुसऱ्या दिवशी रक्ताचा रिपोर्ट आला. स्वातीनं वाचून दाखवला. लिव्हरचा जो आकडा चाळीस-पन्नासच्या आत असायला हवा, तो हजारांत गेला होता. मंदाच्या डोळ्यांत पिवळेपणा आला होता. ती झोपेतच असायची, हाक मारली की डोळे उघडायची आणि मिटायची.

"फोडली," गावंडे म्हणाले. "भट्टी फोडली त्यांनी."

स्वाती म्हणाली, "पापा, डॉक्टर ने बोला था ना, बढ़ेगा."

"छोटा शेठ पण असंच म्हणायचा. काही होत नाही, काही होत नाही."

त्यांनी रमेशला फोन केला. रमेश त्याचीच वाट बघत होता. दुपारपर्यंत तो नागपूरहून गाडी घेऊन खाली हजर, आत ऑक्सिजन, सगळं. आल्यापासून कॉरिडॉरमध्ये मोठ्या आवाजात बोलत होता. "मी पह्यलेच सांगितलं होतं. इथं काय आहे? इमारत आहे नुसती."

गावंडे मधल्या वेळात घरी जाऊन आले होते. पिशवीत ती वीट. डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर त्यांनी ती ठेवली. खाली त्यांचे कागद होते, त्यांवर लाल भुकटी पडली. मी शेजारी उभी होते. मला लाज वाटली.

"हे पाहा," ते म्हणाले. "एकदम सोडलं का असं होते. मग वाट पाहून फायदा नसतो. भट्टी बंद करा लागते. विटा काढा लागते. मी इथं बसून छत पडायची वाट नाही पाहणार. मी तिले नेतो."

मला वाटलं बाई चिडतील. त्यांनी वीट दोन्ही हातांनी उचलली, फिरवून पाहिली, तड्यावर अंगठा फिरवला.

"काका, हा तडा परत जुळतो?"

"वीट कुठे जुळते? फेकावी लागते."

"लिव्हर जुळतं."

गावंड्यांनी विटेवरून नजर वर केली.

"तुमचं म्हणणं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "रक्त सोडताना दुखापत झाली आहे. मी नाही म्हणत नाही. पण ही वीट नाही. ते आता स्वतःला दुरुस्त करायला बसलंय. आकडे अजून चढतील, मग उतरायला लागतील असा माझा अंदाज आहे. पण आज तिला पाच-सहा तास रस्त्यावर नेलं, वाटेत ब्लड प्रेशर पडलं, तर त्याच लिव्हरचं रक्त पुन्हा कमी होईल. तेवढी ताकद आज त्याच्यात नाही. मग मात्र मी सांगू शकत नाही."

"आणि नाही उतरले आकडे तर?"

"मग मी चुकले."

एवढी सरळ बोलणारी डॉक्टरीण मी दुसरी पाहिली नाही. शेवटी त्या म्हणाल्या, "आकड्यांकडे बघू नका. तिच्याकडे बघा. टोचलेल्या जागी रक्त थांबतंय, म्हणजे लिव्हर काम करतंय. ती शुद्धीत आहे का, धड बोलते का, ते बघा. लिव्हर खरंच बंद पडलं की माणूस आधी डोक्यानं जातो, काहीबाही बोलतो. नेणं तुमच्या हातात आहे, सही करून न्या. पण आधी तिच्याशी बोला."

भेटायची वेळ होती. मी आत मंदाचे ओठ ओल्या कापसानं पुसत होते. गावंडे चपला काढून आले. तिच्या कपाळापाशी त्यांनी हाताची मागची बाजू नेली, टेकवली नाही, थोडी वर धरली. भट्टीच्या दाराशी धरायचे तशी. त्यांना दुसरं काही करता येत नव्हतं.

"मंदा."

तिनं डोळे उघडले. पिवळे होते, मी खोटं सांगणार नाही.

"रमेश आला का?" ती म्हणाली. आवाज अगदी खोल गेलेला.

"कोणी सांगितलं तुले?"

"कोन सांगन? आवाज येऊन राहिला न बाहेरून. तो बोलते तर कोनाचं लिव्हर जागेवर राहीन?"

गावंडे वाकले. "आज वार कोणता?"

"काहून? तुमची सुट्टी संपली का?" ती थांबली, श्वास घेतला. "त्याले जेवू घाला. वहिनी, डब्यात वांगं असन तर नोको देऊ. त्याले खाज सुटते."

आणि पुन्हा डोळे मिटले.

गावंडे बाहेर आले. रमेश हातात कागद घेऊन तयार, पेनचं टोपण उघडलेलं.

"गाडी परत पाठव," गावंडे म्हणाले.

"भाऊजी, आकडा पाह्यला का तुमी? वेड लागलं का?"

"तुले वांगं चालत नाही."

"आं?"

"तिले आठवते. तुले वांगं चालत नाही ते. गाडी परत पाठव."

रमेशला काही समजलं नाही. तो माझ्याकडे बघायला लागला. मी म्हणाले, "चल, जेव आधी. बटाट्याची आहे."

गाडी गेली. लोकांना वाटतं, निर्णय घेतला की माणूस सुटतो. गावंडे सुटले नाहीत, खरे अडकले ते त्यानंतर. संध्याकाळचा आकडा आणखी चढला. दुसऱ्या दिवशी सकाळचा तेवढाच, उतरला नाही. आता काही झालं तर दोष डॉक्टरीणबाईंचा नव्हता, रमेशचा नव्हता, यांचा होता. आणि हा माणूस जन्मभर चावी हातात धरून बसलेला. इथे उघडायला काही नाही, बंद करायला काही नाही. कागद हातात धरून आकड्याकडे बघत राहायचे. इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण तो आकडा कुठे छापलेला आहे ते त्यांना पाठ झालं होतं.

मला म्हणाले, "वहिनी, भट्टीत निदान रंग दिसते. लाल आहे का पिवळी आहे, पाहून सांगता येते. इथं काय पाहू?"

मी म्हणाले, "तो कागद ठेवा खाली. डोळे खराब होतील."

कागद त्यांनी ठेवला नाही. जेवले नाहीत. डबडं उपडं घालून शेठसमोर खात बसणारा माणूस, त्याला माझ्या हातचा एक घास उतरला नाही. त्या दोन दिवसांत एकदाच ते आपणहून बोलले. म्हणाले, "भावाले ताटावर बसवाले पाह्यजे होतं." मी त्यांच्यापुढचा डबा झाकून ठेवला. खरंच होतं ते.

त्यानंतरच्या सकाळी आकडा अर्ध्यावर आला. स्वाती वाचतानाच रडायला लागली. गावंड्यांनी तिला पुन्हा वाचायला लावलं. मग पुन्हा. डॉक्टरीणबाई आल्या, मंदाच्या डोळ्यांची खालची पापणी ओढून बघितली, आणि गावंड्यांना म्हणाल्या, "काका, तुमची वीट माझ्याकडेच आहे. घेऊन जा, टेबल अडतंय."

"फेकून द्या," गावंडे म्हणाले.

मंदा घरी आली. काही महिन्यांनी पुन्हा तपासणीला बोलावलं, मशीनमध्ये घालून फोटो काढले. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर दाखवलं, की कापून काढलेल्या जागी लिव्हर वाढलंय, पहिल्यासारखं नाही, पण भरून आलंय. रात्रीच्या जेवणाला भिंतीतून गावंड्यांचा आवाज आला. रागावलेलाच वाटला मला.

"अशी चीज सारा जन्म शेजारी झोपून होती, अन् मी उरल्यात विटा बदलत राहिलो."

"चीज कोनाले म्हणता?" मंदाचा आवाज.

त्यानंतर ते काही फार बदलले, असं नाही. फ्रिजची बटणं बंद करणं चालूच राहिलं. भावाला मात्र त्यांनी स्वतः जाऊन आणलं. स्टेशनवरून आणून सरळ ताटावर बसवलं, हात धुवायलाही वेळ दिला नाही. दोघं जेवताना भांडले, सगळ्या गल्लीनं ऐकलं. भाऊ चार दिवस राहिला.

गावंडे जाऊन आता बरीच वर्षं झाली. झोपेत गेले. मंदा आहे, पापड करते, गच्चीवरची भुकटी थोडी कमी झाली तरी ओरडते.

मला ते आठवतात ते घरातले नाहीत, त्याच हॉस्पिटलातले. माझा गुडघा दाखवायला मी एकटी गेले होते. लिफ्टमध्ये चुकीचं बटण दाबलं आणि दार वरच्या मजल्यावर उघडलं. समोरच्या बाकावर गावंडे. मी दारात पाय ठेवून विचारलं, "भाऊ, मंदा?"

"मंदा घरी आहे. पापड लाटून राहिली."

"मग कोण भरती आहे?"

"कोणी नाही."

"मग इथे काय करता?"

"असाच येतो कधी कधी." एवढंच.

तेवढ्यात आतून एक तरुण माणूस बाहेर आला. गावाकडचा असावा, पायात रबरी चपला, दाढी वाढलेली. त्याची बायको आत होती. गावंड्यांची आणि त्याची ओळख बाकावरचीच असणार. हातातला कागद त्यानं गावंड्यांपुढे धरला, बोट एका आकड्यावर टेकवून. कागद त्या जागी बोटानं मळलेला होता.

"अउ चढ़ गे, कका," तो इकडच्या बोलीत म्हणाला, आकडा आणखी चढला म्हणून. "उतरही न?" उतरेल ना, असं विचारत होता.

मला वाटलं, आता हे मंदाची गोष्ट सांगतील. कोणीही सांगितली असती.

गावंडे त्याच्याच बोलीत म्हणाले, "नइ जानंव, भाई." मला माहीत नाही, एवढंच सांगितलं.

त्यांनी त्याच्या हातातून कागद घेतला, घडी घातली आणि आपल्या शर्टाच्या खिशात ठेवून दिला. तो माणूस खिशाकडे बघत राहिला.

"ये मोर तीर रहन दे," गावंडे म्हणाले. "तैं भीतर जा. ओखर संग गोठिया."

तो आत गेला, बायकोशी बोलायला. गावंडे बाकावर सरकून भिंतीला टेकले. माझ्या पायाशी लिफ्टचं दार सारखं मिटायला बघत होतं आणि लिफ्टमधून कोणीतरी खेकसलं. मी पाय काढला.